बिडकीनच्या मोटारी, शिवारातले पाणी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीन परिसरात येऊ घातलेल्या मोटार कारखान्यांविषयी एक टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर या सदराच्या नेहमीच्या टपालाच्या मानाने बरीच जास्त पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून सहा प्रश्न निवडले आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावांऐवजी फक्त ठिकाण दिले आहे.

प्रश्न : आमचे वावर जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात आमची मोसंबी उभी वाळली. आता टोयोटाचा कारखाना वर्षाला चार लाख गाड्या काढणार म्हणतात. एवढ्या गाड्यांना पाणी किती लागेल, आणि ते आमच्या पाणीपाळीतून जाईल का? (एक बागायतदार, पैठण तालुका)

आपल्या प्रश्नामागची भीती समजण्यासारखी आहे, पण हिशेब मांडला की ती भीती थोडी वेगळ्या जागी सरकते. टोयोटा किर्लोस्कर आणि राज्य शासन यांच्यात ३१ जुलै २०२४ रोजी सामंजस्य करार झाला, तेव्हा शासनाने जाहीर केलेले आकडे असे होते : गुंतवणूक सुमारे २०,००० कोटी रुपये, वर्षाला ४ लाख विजेवरच्या आणि हायब्रीड गाड्या, प्रत्यक्ष रोजगार ८,००० आणि अप्रत्यक्ष तेवढाच. मोटार उद्योगात एका गाडीच्या बांधणीला, मुख्यतः रंगकामाला, साधारण ३ ते ४ हजार लिटर पाणी धरले जाते आणि पुनर्वापर चांगला असेल तर त्याहून कमी लागते. आपण वरचा आकडा धरू. चार लाख गाड्यांना वर्षाला १६० कोटी लिटर, म्हणजे १.६ दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी लागेल. नाथसागराचा, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचा, जिवंत साठा २,१७१ दलघमी आहे. एप्रिल-मे महिन्यांत नाथसागराच्या पृष्ठभागावरून दिवसाला एक सेंटीमीटर पाणी उडून जाते असे धरले, तरी कारखान्याचे वर्षभराचे पाणी एक-दोन दिवसांच्या बाष्पीभवनाएवढे भरते. दुसऱ्या मापाने पाहायचे तर एक हेक्टर उसाला मोकाट पाणी दिल्यास २ ते अडीच कोटी लिटर लागते, त्यामुळे चार लाख मोटारींचे पाणी फार तर ८० हेक्टर उसाचे पाणी ठरते. (पोलाद, काच, टायर यांना लागणारे पाणी यात धरलेले नाही, पण ते ज्या त्या गावात खर्ची पडते.)

मात्र हिशेब इथेच थांबवला तर तो अर्धवट राहील. १६,००० रोजगार म्हणजे १६,००० कुटुंबे, प्रत्येकी चार माणसे आणि माणशी दिवसाला १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रमाण धरले, तर वर्षाला सुमारे ३१५ कोटी लिटर पाणी लागते. कारखान्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी कारखान्यात काम करणाऱ्यांच्या घरांना लागणार आहे, आणि कोणत्याही करारात त्याचा आकडा नसतो. कारखान्याला औद्योगिक महामंडळाची जलवाहिनी मिळते. कामगार मात्र बिडकीन, चितेगाव, ढोरकीन इथल्या भाड्याच्या खोल्यांत राहणार, आणि तिथले पाणी ग्रामपंचायतीच्या विहिरीतून किंवा टँकरने येणार. वाळूज औद्योगिक वसाहतीजवळच्या रांजणगाव शेणपुंजीत ज्यांनी चाळीस वर्षांत एकेका वावराचे चाळीत रूपांतर होताना पाहिले, त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. जितके पाणी घरात येते त्यातले साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, हेही लक्षात असू द्यावे. ते पुढच्या एका प्रश्नात पुन्हा येणार आहे.

दुष्काळाच्या वर्षाचे नियम वेगळे असतात. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाचा क्रम होता. २०११ मध्ये तो बदलून शेती दुसऱ्या आणि उद्योग तिसऱ्या क्रमांकावर आला. २०१६ च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होते त्याच दिवसांत, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात साठ टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांच्या पाण्यात पंचवीस टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला होता. त्यामुळे आपल्या पाळीला खरा धोका बिडकीनच्या कारखान्यातल्या रंगकामापेक्षा वरच्या धरणांतून वेळेवर न सुटणाऱ्या पाण्याचा आणि आपल्याच शेजारच्या उसाचा अधिक आहे, असे माझे मत आहे. ते आपल्याला आवडेलच असे नाही.

प्रश्न : माझा मुलगा आयटीआयमध्ये फिटर करतो आहे. कारखान्यात ऐंशी टक्के स्थानिकांना घ्यावे लागते असे गावात सगळे सांगतात. त्याने या कारखान्याची वाट पाहावी का? (एक पालक, गंगापूर)

ताई, ऐंशी टक्क्यांचे धोरण खरे आहे, पण त्यातील ‘स्थानिक’ या शब्दाचा अर्थ गावात सांगतात तसा नाही. शासनाची सवलत घेणाऱ्या उद्योगांनी पर्यवेक्षकांच्या खालच्या पदांवर ऐंशी टक्के आणि पर्यवेक्षकांच्या पदांवर पन्नास टक्के स्थानिक घ्यावेत असे ते म्हणते, आणि स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात किमान पंधरा वर्षे राहिलेली व्यक्ती. नागपूरचा मुलगाही स्थानिक आणि कोल्हापूरचाही. गंगापूरचा असल्याचा वेगळा हक्क कुठेही लिहिलेला नाही.

दुसरी गोष्ट, २०,००० कोटींना ८,००० नोकऱ्यांनी भागले तर एका प्रत्यक्ष नोकरीमागे अडीच कोटींची गुंतवणूक येते. एवढ्या पैशात माणसे कमी आणि यंत्रे जास्त येतात. वेल्डिंग आणि रंगकाम या दोन विभागांत तर यंत्रमानवच काम करतात. माणसे लागतात ती अंतिम जोडणीत, देखभालीत, तपासणीत आणि मालाच्या ने-आणीत. यातल्या जोडणी आणि ने-आणीच्या कामावर बरीच भरती कंत्राटदारामार्फत किंवा शिकाऊ म्हणून होते, आणि २४० दिवस भरण्याआधी ‘ब्रेक’ देण्याची, म्हणजे काही दिवस कामावरून काढण्याची, जुनी पद्धत वाळूजच्या कोणत्याही कामगाराला ठाऊक आहे. देखभालीच्या माणसाला सहसा ब्रेक देत नाहीत, कारण बंद पडलेली लाइन पुन्हा चालू करणारा माणूस दर सात महिन्यांनी बदलता येत नाही. म्हणून मुलाने फिटरनंतर इलेक्ट्रिकल, न्यूमॅटिक्स (हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा), पीएलसी (यंत्रांचे स्वयंचलित नियंत्रण) असे काही शिकावे. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये त्याची सोय आहे. वाट पाहू नये. मिळेल तिथे लागावे, पहिल्या पगारापासून भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक मागून घ्यावा आणि पैसे भरले जातात की नाही ते दर महिन्याला मोबाइलवर पाहावे.

प्रश्न : वाळूजमध्ये माझे सहा सीएनसी मशिनचे युनिट आहे. दुचाकीच्या इंजिनाचे दोन पार्ट करतो, सगळे जॉबवर्क. मोठी कंपनी आली की आमच्यासारख्यांना ऑर्डर मिळतात का, की ते आपले व्हेंडर बरोबर घेऊन येतात? (एक लघुउद्योजक, वाळूज)

दोन्ही घडते, आणि दोन्हींची उदाहरणे आपल्याच जिल्ह्यात आहेत.

बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये, बांधकाम सुरू झाल्यापासून अवघ्या सोळा महिन्यांत उभा राहिला. स्कूटरला लागणारा सगळा माल पुण्याहून आणणे परवडणारे नव्हते, म्हणून कंपनीने आसपास पुरवठादार वाढू दिले, काही तर स्वतः उभे केले. एंड्युरन्स त्याच वर्षी इथे सुरू झाली, व्हेरॉक आणि धूत ट्रान्समिशनही याच वाऱ्यावर वाढल्या, आणि आज एंड्युरन्सचे कारखाने इटली-जर्मनीत आहेत. तुमची सहा मशिन हीदेखील त्याच झाडाची लांबची फांदी आहे. हे सारे एका देशी कंपनीच्या गेटवर झाले, हा तपशील आपण मराठवाड्यातले लोक बहुराष्ट्रीय कंपनीचे स्वागत करताना विसरतो.

दुसरे उदाहरण शेंद्र्याचे. तिथे स्कोडाने २००१ पासून ऑक्टेव्हियाची जुळणी सुरू केली. पुढे पासाट, सुपर्ब, ऑडी अशा भारी गाड्याही तिथे जुळल्या. पण त्या मुख्यतः परदेशातून सुट्या भागांच्या संचात येत आणि इथे जोडल्या जात. जोडणीला कुशल हात लागतात, पगारही बरा असतो, परंतु ज्या गाडीचे पत्रे, इंजिन आणि गिअरबॉक्स समुद्रावरून येतात तिच्यामुळे गावात लेथ वाढत नाहीत. त्याच फोक्सवॅगन समूहाने २००९ मध्ये पुण्याजवळ चाकणला प्रेसशॉपपासूनचा, म्हणजे पत्रा घडवण्यापासूनचा, पूर्ण कारखाना काढला आणि पुरवठादारांची गर्दी तिकडे झाली. (गाड्यांचे भाग पूर्ण संच म्हणून आयात केले की वेगवेगळे सुटे भाग म्हणून, यावर सीमाशुल्क विभागाने २०२४ मध्ये सुमारे १.४ अब्ज डॉलरची नोटीस काढली. कंपनीने ती उच्च न्यायालयात आव्हानली. त्या वादात न शिरता एवढेच म्हणतो की गाडीचा किती भाग इथे बनतो हा प्रश्न फक्त लघुउद्योजकाला पडतो असे नाही, सरकारी खजिन्यालाही पडतो.)

म्हणून करार झाल्यावर गुंतवणुकीचा आकडा विचारण्याऐवजी गाडीच्या किमतीतला किती वाटा जिल्ह्यातल्या पुरवठादारांकडून येणार ते विचारावे. हा प्रश्न मी आजवर एकाही सत्कार समारंभात ऐकलेला नाही.

आता तुमच्याविषयी. टोयोटा आपल्या जुन्या पुरवठादारांना शेजारी वसवते. कर्नाटकातल्या बिडदीला कारखान्याला लागून त्यांचे स्वतंत्र टेक्नो पार्क आहे. बिडकीनलाही तसेच होईल असे धरून चालावे. तुमची ऑर्डर त्या कंपनीकडून येणार नाही. तिला थेट माल देणारे पहिल्या फळीतले पुरवठादार आपले दोन-तीन टप्प्यांचे काम बाहेर टाकतात, आणि ती ऑर्डर तुम्हाला मिळू शकते. मात्र दुचाकीच्या कामात चालून जाणाऱ्या काही सवयी तिथे चालत नाहीत. मागच्या पावसाळ्यात मी एका ओळखीच्या युनिटमध्ये बसलो होतो. परगावच्या ग्राहकाचा तपासनीस आला आणि त्याने एकही पार्ट न मोजता कोपऱ्यातला लाल रंगाचा रिजेक्शनचा डबा उघडून पाहिला. डबा रिकामा होता. मालक खूश; तपासनीसाने मात्र वहीत शेरा लिहिला की नापास माल बाजूला काढण्याची पद्धत इथे नाही. रिकामा डबा म्हणजे चूक होत नाही असे तो मानायला तयार नव्हता, आणि त्याचे बरोबर होते. आयएटीएफ १६९४९ चे (मोटार पुरवठादारांच्या गुणवत्ता व्यवस्थेचे) प्रमाणपत्र भिंतीवर लावण्याआधी असा डबा खरोखर वापरायला लागणे हे मोठे काम आहे.

पार्टांची निवडही आताच करावी. हायब्रीड गाडीला इंजिन असते, त्यामुळे इंजिनाचे काम उद्याच संपत नाही. पण एथर एनर्जीने बिडकीनला विजेवरच्या दुचाकींचा कारखाना जाहीर केलेला आहे, आणि तुमचे आजचे दोन्ही पार्ट दुचाकीच्या इंजिनाचे आहेत. ब्रेक, सस्पेन्शन, ॲल्युमिनियमचे आवरण या गोष्टी पेट्रोल असो की वीज, लागतातच. शेवटचे म्हणजे पैसे. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर २००६ च्या कायद्याप्रमाणे ४५ दिवसांत बिल मिळण्याचा हक्क आहे, आणि ती मुदत उलटून वर्षअखेरीला थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षाच्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. जॉबवर्कवाले हा हक्क वापरत नाहीत, कारण पुढची ऑर्डर जाण्याची भीती असते. पण निदान प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापावा.

प्रश्न : एवढ्या गाड्या इथे बनल्या तर त्यांचा कर जिल्ह्याला मिळेल ना? (एक विद्यार्थी, जालना)

थोडक्यात उत्तर : नाही. १ जुलै २०१७ पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर माल जिथे खपतो त्या राज्याला मिळतो, जिथे बनतो त्याला नाही. बिडकीनची गाडी लखनौला विकली तर राज्याच्या वाट्याचा कर उत्तर प्रदेशाला जातो. महाराष्ट्रात विकली तर राज्याला मिळतो खरा, पण मोठ्या प्रकल्पांना सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली त्यातला बराच भाग काही वर्षे परत दिला जातो. जिल्ह्याच्या हाती पगार, घरभाडी, वाहतुकीचे काम आणि ग्रामपंचायतीचा कर एवढेच उरते. त्या दृष्टीने पाहिले तर २०१० मध्ये आपल्या शहरातील मंडळींनी एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेऊन देशभर नाव केले, त्या गाड्या बनल्या होत्या पुणे जिल्ह्यात आणि ६५ कोटी गेले होते इथून.

प्रश्न : कंपनी उद्या निघून गेली तर? जमीन तर गेलेलीच असते. (एक निवृत्त शिक्षक, करमाड)

ही शंका काल्पनिक नाही. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतात गाड्या विकणे थांबवले, तळेगावच्या कारखान्यात निर्यातीसाठी चालणारे उत्पादन २०२० च्या डिसेंबरात बंद झाले, आणि कायम कामगारांचा लढा त्यानंतर बराच काळ न्यायालयांत चालला. कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. इमारतीला नवा मालक मिळाला तरी जुन्या कामगारांना नोकरी मिळाली असे झाले नाही. अशी कंपनी स्थानिक कारणाने जात नाही. तिचा निर्णय दूरच्या मुख्यालयात, जगभरच्या नफ्याकडे पाहून होतो, आणि तळेगावचा कामगार कितीही चांगला असला तरी त्याने त्यात फरक पडत नाही. आपल्या हाती असते ते इतकेच की जमिनीच्या वाटपपत्रात ठराविक मुदतीत उत्पादन सुरू न केल्यास किंवा बंद केल्यास भूखंड परत घेण्याच्या अटी असतात, त्यांवर ग्रामसभेने माहिती अधिकारात लक्ष ठेवावे. आणि पुरवठादाराने एका ग्राहकाकडे निम्म्याहून जास्त धंदा जाऊ देऊ नये.

प्रश्न : आमचे गाव जुन्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे. विहिरीच्या पाण्याला पिवळट झाक आहे आणि पाणी धरलेल्या घमेल्याला कडेने पांढरा थर बसतो. तक्रार केली की सगळे मोठ्या कंपनीकडे बोट दाखवतात आणि कंपनी सांगते की आमच्याकडून थेंबही बाहेर जात नाही. खरे कोणाचे? (एक शेतकरी महिला, छत्रपती संभाजीनगर जिल्हा)

कदाचित दोघांचेही. मोटार कारखान्याचा सर्वांत घाण भाग म्हणजे रंगशाळा : पत्र्याला फॉस्फेटचा थर देण्याच्या टाक्या, रंगाचा चिखल आणि हवेत उडणारी द्रावणे. पण एकाच छपराखाली आणि एकाच नळाला असल्यामुळे त्यावर नजर ठेवणे सोपे असते, आणि नाव मोठे असल्याने कंपनीलाही बदनामी परवडत नाही. पाणी बिघडते ते बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या फळीत. एका लहान प्लेटिंग (धातूचा लेप देण्याच्या) युनिटमध्ये मी पाहिलेले दृश्य असे : पिवळसर चमकणारे बोल्ट टोपलीत घालून एक मुलगा तीन पिंपांत आळीपाळीने बुचकळत होता, आणि टोपली पिंपाबाहेर काढताना जे पाणी निथळत होते ते फरशीवरून दारापर्यंत आणि दारातून मागच्या नालीत जात होते. तो पिवळा रंग बहुतेक षट्संयुजी क्रोमियमचा, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाचा. युरोपात मोटारीच्या भागांवरच्या अशा लेपावर २००७ पासून बंदी आहे, त्यामुळे परदेशी कंपनीला माल देणाऱ्या प्लेटरने हे रसायन सोडलेले असते. या एका बाबतीत बहुराष्ट्रीय ग्राहकाने जे करवून घेतले ते आपल्या यंत्रणेला जमले नव्हते, हे मान्य करायला हवे. देशी बाजारासाठी ते अजून चालते.

पांढरा थर मात्र बहुधा क्षारांचा आहे, आणि त्यात कारखान्यापेक्षा वस्तीच्या सांडपाण्याचा हात असू शकतो. खाम नदीत शहराचे सांडपाणी मिसळत आले आहे आणि तीच पुढे गोदावरीला मिळते. आपल्याकडचा काळा पाषाण सलग नसतो, त्याच्या भेगांतून पाणी कुठल्या कुठे जाते, म्हणून शेजारची विहीर चांगली आणि आपली बिघडलेली असे होते.

तेव्हा आधी तपासणी करावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत जाऊन, क्रोमियम आणि निकेल तपासायचे आहे असे सांगून त्यांच्याकडूनच बाटली घ्यावी, कारण धातूंच्या नमुन्यात आम्ल घालावे लागते आणि घरच्या बाटलीतला नमुना निरुपयोगी ठरतो. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा आणि निकेल ०.०२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, आणि दुसरा उद्भव नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. नाही तरी निकाल येईपर्यंत हे पाणी पिऊ नये. क्रोमियम निघाले तर तो अहवाल जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी अर्ज करावा आणि १९७४ च्या जल अधिनियमाच्या कलम २१ खाली नालीचा नमुना घेण्याची मागणी करावी. न्यायालयात मंडळाच्या अधिकाऱ्याने कारखानदाराला नोटीस देऊन, दोन भाग करून घेतलेला नमुनाच चालतो. आपण भरलेली बाटली चालत नाही. अर्जात तारीख आणि वेळ लिहावी. पाणी रात्री सोडतात असा अनुभव असेल तर तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे अधिकारी सकाळी अकराला येऊन कोरडी नाली पाहून परत जाणार नाहीत. याशिवाय प्रत्येक संमतीधारक कारखान्याला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र मंडळाकडे द्यावे लागते, ज्यात वापरलेले पाणी आणि निघालेला धोकादायक कचरा यांचे आकडे असतात. आपल्या नालीच्या वरच्या बाजूला असलेल्या सर्व युनिटांची, लहान प्लेटरांसह, तीन वर्षांची विवरणपत्रे माहिती अधिकारात मागवावीत. ज्याचे विवरणपत्रच मंडळाकडे नसेल त्याच्या दारापासून सुरुवात करावी.